वरचा सूर्यास्त

साइटवर तिला सगळे घार म्हणायचे. नाव ठेवलं ते सिग्नलवाल्या शिट्टीमामांनी. हे मामा खाली जमिनीवर उभं राहून वॉकीटॉकीवर ‘डावीकडे, अजून, बास, हळू’ करणार आणि ती वर टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्या बोलण्याप्रमाणे दोन-दोन टनांचा माल अलगद उचलून ठेवणार. मामांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी कधी वाजवली नाही. त्यांच्या आवाजालाच धार होती.

केबिनपर्यंत एकशे नव्वद पायऱ्यांची सरळसोट लोखंडी शिडी. सकाळी ती पाठीला डबा-पाण्याची पिशवी अडकवून चढायची, वर गेल्यावर बूट काढून दाराशी ठेवायची, खुर्चीत बसायची आणि बटण दाबून म्हणायची, “हं, बोला मामा, काय उचलू?”

“आधी माझ्या डोक्यावरचा ताप उचल,” मामांचं ठरलेलं उत्तर.

पूर्वी ती याच कंपनीच्या ऑफिसात फोन घ्यायची. एकदा क्रेनवाल्याला तातडीचा निरोप द्यायचा होता, त्याचा फोन लागेना, आणि वर जायला कोणी तयार होईना. ही गेली. निरोप देऊन झाला, पण हिचा पाय काही खाली वळेना. अडतीस वर्षांची, बाहेरगावी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची आई, तिथेच दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “हे शिकायला काय लागतं?”

सहा महिन्यांनी परवाना हातात आला. तिनं तो घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवरा दवाखान्यात कंपाउंडर. त्यानं तो औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचावी तसा मागून-पुढून वाचला. सासूबाईंनी डोळ्याला भिडवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या.

“किती उंच बसणार तू?”

“सुरुवातीला चाळीस मीटर.”

“मीटर नको सांगूस. मजले सांग.”

“तेरा-चौदा.”

सासूबाईंनी परवाना टेबलावर ठेवला, वर पाण्याचा ग्लास ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. मग म्हणाल्या, “बरं. परवा तेरस आहे. मी प्रदोष धरते. सव्वीस.”

“आई, कशासाठी?”

“तू वर चढणार, मी खाली उपाशी राहणार. कामं वाटून घेतली की घरात भांडणं होत नाहीत.”

“पण सव्वीस? वर्षावर जाईल!”

“अकराचीही रीत आहे. पण अकरात तू चौथ्या मजल्यापर्यंत सुखरूप. पुढं काय, पॅराशूट देऊ का तुला?”

अशी सुरुवात झाली. दर पंधरवड्यातली तेरस आली की सासूबाई दिवसभर दूध-फळांवर राहायच्या. सूर्य मावळला की खिडकीतल्या छोट्या पिंडीवर पाणी, मग बेल, मग दिवा, आणि त्यानंतर जेवण. बेलाची पानं ताजी मिळायची नाहीत, म्हणून एका डब्यात जपून ठेवलेली तीच पानं धुऊन पुन्हा वाहायच्या. “शंकराला चालतात धुतलेली. कपडे नाही का आपण धुऊन घालत?” सगळ्यात महत्त्वाचं एकच: सूर्य बुडाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. सूर्य असताना केली ती नुसती पूजा. मावळल्यावर केली तोच प्रदोष.

आणि सूर्य मावळला हे ठरवायला सासूबाईंची स्वतःची पद्धत होती. घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता. “त्याचा सेल संपतो.” पश्चिमेच्या खिडकीत पितळेचं एक फुलपात्र ठेवलेलं असे. ऊन असेपर्यंत ते चमकायचं, आणि सासूबाईंच्या धुरकट डोळ्यांनाही ती चमक कळायची. चमक गेली की सूर्य गेला. चाळीस वर्षं त्या खिडकीत ही पद्धत चुकली नव्हती.

चुकली ती एकोणिसाव्या प्रदोषाला. म्हणजे चुकत होती आधीपासूनच, कळलं एकोणिसाव्याला.

झालं असं, की साइटवर सळया उतरवायची जागा पश्चिमेकडून पूर्वेच्या फाटकापाशी हलवली. इतके महिने घारीचं तोंड संध्याकाळी दुसरीकडे असायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच सळयांची मोळी घेऊन तिनं क्रेन पूर्वेला वळवली, आणि समोर रस्त्यापलीकडे तिला स्वतःच्या घराची खिडकी दिसली. तिसरा मजला, निळा पडदा. तिला गंमत वाटली. मग पडदा हलला आणि खिडकीत दिवा लागला.

ती हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्या मानेला ऊन लागतंय.

तिनं मोळी खाली टेकवली, हुक सुटल्याचा मामांचा आवाज ऐकला आणि मग मागे वळून पाहिलं. सूर्य क्षितिजाच्या चांगला वीतभर वर होता. अंडं फोडून तव्यावर टाकावं तसा, आरामात. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं. मावळायला तास-सव्वातास होता.

मग सूर्याच्या आणि खिडकीच्या मधोमध काय आहे, तेही तिनं पाहिलं. बारा मजले. तिनंच एकेक तुळई, एकेक बादली काँक्रीट उचलून चढवलेले.

ती स्वतःशी मोठ्यानं बोलू लागली, वर एकटं बसून बसून लागलेली सवय. “अगं बाई! माझ्याच इमारतीमागे गेला की सूर्य! पाचव्या मजल्यानंतर झाकायला लागला असणार. पंधरा दिवसांत एक मजला, पंधरा दिवसांत एक प्रदोष… सहा, सात, आठ… बारापर्यंत आठ. नाही, पाचव्याला झाकला नसेल. सात. सात प्रदोष आईंनी उन्हात केले! आणि आता सांगावं तर त्या पहिल्यापासून सुरू करतील. त्र्याहत्तर वय, त्यात साखर. डॉक्टरांनी सव्वीसला कसंबसं हो म्हटलंय. आणि न सांगावं तर मला इथून दर वेळी दिसणारच. काय करू मी?”

“सांगून टाक,” वॉकीटॉकीतून मामांचा आवाज आला.

घारीनं खुर्चीशेजारी पाहिलं. तिच्या डब्याची पिशवी इतका वेळ वॉकीटॉकीच्या बटणावर रेलली होती, आत्ताच घसरली होती. म्हणजे हे सगळं भाषण साइटभर गेलं होतं.

“मुळीच सांगू नका,” हा सळयांच्या मिस्त्रीचा आवाज. “म्हातारं माणूस. समाधानात आहे, राहू दे.”

“अहो, पण चुकीचं समाधान!” काँक्रीटचा पंपवाला. “माझा पंप चुकीचा दाब दाखवतो, तो मी ठेवतो का समाधानात?”

“सात पुन्हा करायला सांग. सगळे कशाला?”

“देवाशी घासाघीस चालते का?”

“माझ्या आईची चालायची.”

“सर्वांनी चॅनेल मोकळा करा!” इंजिनिअर साहेबांचा आवाज आला. मग तेच साहेब हळूच म्हणाले, “पण… सांगावं असं मलाही वाटतं.”

घारीनं रिकामा हुक वर घेतला. दोन टन माल हातभर इकडे-तिकडे ठेवला तर चालेल असं म्हणणारी ती नव्हती. चुकीच्या जागी ठेवलेला माल तिनं आजवर पुन्हा उचलला होता, प्रत्येक वेळी. पण आपण चुकीचा ठेवलेला माल उचलणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेखालची वीट काढणं वेगळं.

ती घरी पोहोचली तेव्हा सासूबाई जेवून, तोंड पुसून, खुशीत बसल्या होत्या.

“आज लवकर आटोपलं बघ. दिवस किती लहान झालेत हल्ली!”

“आई, तुमचा दिवा मला वरून दिसला.”

“खरंच?” सासूबाईंचा चेहरा उजळला. “एवढ्या लांबून? वात मी जरा जाडच केली होती.”

“आणि…” घारीनं ओठ चावला. “सूर्यही दिसला.”

“कुठला सूर्य?”

“आजचाच. तुम्ही दिवा लावलात तेव्हा. क्षितिजाच्या वीतभर वर होता.”

सासूबाई उठल्या. चाचपडत खिडकीशी गेल्या, फुलपात्र हातात घेतलं, बोटांनी त्याची कड फिरवून पाहिली. जणू त्यानंच फितुरी केली होती.

“चमक गेली होती,” त्या म्हणाल्या.

“सूर्य गेला नव्हता, आई. इमारतीमागे लपला होता.”

“कुणाच्या इमारतीमागे?”

“…माझ्या.”

दाराशी नवरा नुकताच येऊन उभा होता, एक बूट काढलेला, एक पायात. त्यानं दुसरा काढायचं धाडस केलं नाही.

“किती वेळा?” सासूबाईंनी विचारलं.

“सात.”

सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. घारीला वाटलं, आता रडतील. तेवढ्यात त्यांच्या खांद्यांना गचके बसू लागले. ती घाबरून पुढे झाली, तर सासूबाई हसत होत्या.

“सात वेळा!” त्यांनी पदर तोंडाला लावला. “अगं, देव अजून दुपारच्या झोपेतून उठलाही नसेल, आणि मी आपली त्याच्या डोक्यावर गार पाणी ओततेय! सात वेळा! पार्वती म्हणाली असेल, कोण हो ही बाई, पाहुण्यांच्या आधी येऊन बसणारी?”

मग हसणं थांबलं. “ठीक आहे. सात पुन्हा. आधीचे बारा खरे होते, ते सोडायचे नाहीत. आता उरले सात आणि हे सात. चौदा.”

“आई,” नवरा एका बुटावर पुढे आला, “डॉक्टरांनी सव्वीसपर्यंतच परवानगी दिलीय.”

“मग सव्वीसच आहेत. मधल्या सात तालमी झाल्या. तालमी कोणी धरतं का?”

“आणि आता तासभर जास्त उपाशी राहायचं! साखर उतरली म्हणजे?”

मायलेकांचं चांगला अर्धा तास जुंपलं. शेवटी कंपाउंडरनं अटी मांडल्या. चार वाजता दूध आणि केळं, हट्ट नाही. पूजा झाल्यावर लगेच जेवण, गप्पा नाहीत. आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, दोन्ही.

“ऑपरेशननं सूर्य दिसेल का?”

“इमारतीतून नाही दिसणार,” घार म्हणाली.

“मग खरा मावळला हे मला कोण सांगणार? घड्याळ नको हं.” सासूबाईंनी फुलपात्र तिच्या हातात दिलं. “माझा सूर्य तू झाकलायस. आता तूच दाखव.”

दुसऱ्या दिवशी घार इंजिनिअर साहेबांपुढे उभी राहिली. क्रेनच्या हातावर एक भला मोठा दिवा होता. संध्याकाळी तो लावावाच लागायचा. मावळतीला त्याची तीनदा उघडझाप केली तर आईंना तेवढा उजेड कळेल, एवढीच तिची विनंती.

“क्रेनवरून घरगुती सिग्नल?” साहेब म्हणाले. “नियमात बसत नाही.”

“साहेब,” शिट्टीमामा मध्ये पडले, “दिवा तर ती रोज लावतेच. लावताना बटणावर हात थरथरला तर?”

साहेबांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं. “किती वेळा थरथरेल?”

“तीनदा.”

“तीनदाच थरथरू दे. आणि माल हवेत असताना अजिबात नाही.”

विसावा प्रदोष आला. सकाळपासून साइटवर कुजबुज. सळयांच्या मिस्त्रीनं दुपारीच विचारून ठेवलं, “आज किती वाजता बुडतोय?” पंपवाल्यानं आपला फोन काढून तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या.

संध्याकाळी घारीनं पाण्याची टाकी उचलली, तेराव्या मजल्यावर चढवायची. शेवटचीच खेप. टाकी दहाव्या मजल्याच्या पुढे गेली आणि वारा सुटला. मोठी, पोकळ, हलकी टाकी. ती वाऱ्यावर पतंगासारखी डोलायला लागली. खाली माणसं.

“थांब,” मामा म्हणाले. “धरून राहा.”

घारीनं दोन्ही हात दांड्यांवर घट्ट केले. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पश्चिम होती. तिथं तांबडी कड पातळ झाली, आणखी पातळ झाली आणि संपली. सूर्य गेला. खरा गेला. दिव्याचं बटण तिच्या उजव्या करंगळीपासून चार बोटांवर होतं.

तिनं बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

केबिनमधला फोन वाजला. घरचाच असणार. वाजून वाजून बंद झाला. टाकी डोलत होती. समोरच्या खिडकीत अंधार होता, आणि त्या अंधारात एक म्हातारी सकाळपासून दूध-केळ्यावर उभी आहे हे तिला माहीत होतं.

“वारा बसतोय,” मामा म्हणाले. “हळू. डावीकडे. अजून. मुंगीच्या पावलानं. बास… टेकली. हुक सुटला.” मग लगेच, श्वाससुद्धा न घेता, “थरथर, बाई, थरथर!”

एक. दोन. तीन.

खिडकीत काहीच झालं नाही. मग निळा पडदा सरकला, आणि एक छोटी, जाड वातीची ज्योत उभी राहिली.

साइटभर असा काही गलका झाला की पलीकडच्या गल्लीतले लोक गॅलरीत आले. पंपवाल्यानं पंपाचा भोंगा वाजवला. आणि शिट्टीमामांनी आयुष्यात पहिल्यांदा गळ्यातली शिट्टी फुंकली. ती धूळ बसून इतकी गच्च झाली होती की नुसता फुसका वारा निघाला.

घरी आल्या आल्या घार म्हणाली, “उशीर झाला, आई. माफ करा. टाकी लटकत होती.”

“कळलं मला.”

“तुम्हाला कसं कळलं? दिसत तर नाही.”

“दिवा लागला नाही, म्हणजे तुझे हात रिकामे नाहीत. यात बघायचंय काय?” सासूबाई घास घेत म्हणाल्या. “हा माझा लेक तुला फोन करत होता. मी म्हटलं, ठेव तो खाली. तू सुखरूप उतरावीस म्हणून उपास. आणि त्यासाठीच तू हात सोडलास, तर ते व्रत काय चाटायचंय मला? बस. जेव.”

त्यानंतरचे प्रदोष कसे गेले ते कळलंच नाही. मजला चढायचा, क्रेन चढायची, शिडीच्या पायऱ्या वाढायच्या. आता तेरस कधी हे साइटवर कुणाला विचारावं लागेना. गल्लीतली पोरं गॅलरीतून ओरडायची, “आजी, लागला हो!” समोरच्या शिंप्यानं तर क्रेनचा दिवा थरथरला की मशीन बंद करायचं ठरवून टाकलं. त्याचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. “निदान पंधरा दिवसांतून एकदा तरी वेळेवर घरी जातो,” तो म्हणाला.

मध्येच सासूबाईंचे डोळेही झाले, आधी उजवा, मग डावा. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. “तुझे केस कधी गेले?” मग बेलाची पानं पाहिली. “ही आता खरंच बदलायला हवीत.”

शेवटचा प्रदोष आला तेव्हा सव्विसावा मजला, म्हणजे शेवटचाच मजला, घातला जात होता. क्रेनची शिडी तीनशे चाळीस पायऱ्यांची झाली होती. संध्याकाळ स्वच्छ होती, वारा नव्हता, हुक रिकामा होता. घार खुर्ची फिरवून पश्चिमेकडे तोंड करून बसली. सूर्य टेकला, पसरला, गेला. तिनं मुद्दाम आणखी पाच श्वास मोजले आणि बटण दाबलं. एक, दोन, तीन.

खिडकीत ज्योत लागली. आणि मग पडदा पूर्ण बाजूला झाला. सासूबाई नव्या डोळ्यांनी, मान मागे टाकून, वर बघत होत्या. फोन वाजला.

“तू कुठं आहेस?”

“वर, आई. आत्ताच नाही का दिवा केला?”

“ते दिसलं. पण तू कुठं? त्या टोकाला, ती काचेची डबी आहे, तिच्यात?”

“हो, तिच्यातच.”

“ती हलतेय.”

“हलायलाच हवी. हलली नाही तर मोडेल.”

“बरं झालं आधी दिसत नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “दिसलं असतं तर सव्वीसवर भागलं नसतं.”

घार इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

“हसू नकोस. उतर आधी. पूजा झाली, पण उपास अजून सोडला नाही मी. तू खाली पाय ठेवलास की मग.”

“आई, आत्ताच जेवायचं, अशी अट आहे! तीनशे चाळीस पायऱ्या आहेत!”

“मग बडबड कशाला करतेस? उतर. मी बघतेय.”

घारीनं बूट चढवले, पिशवी पाठीला लावली, दार ओढून घेतलं आणि शिडीवर पाय टाकला. संधिप्रकाश अजून होता. तीस-चाळीस पायऱ्या उतरली असेल, तोच कमरेच्या वॉकीटॉकीतून मामांचा आवाज आला, “घार, सावकाश हं. तुझी सासू खिडकीतून पायऱ्या मोजतेय. मोठ्यानं.”

“मोजू दे.”

“आणि गॅलरीतले लोकही मोजायला लागलेत.”

शंभराव्या पायरीला ते तिलाही ऐकू येऊ लागलं. दोनशेला शिंपी, पोरं, पंपवाला, सगळे सामील झाले होते. मध्ये कुणीतरी चुकलं, सासूबाईंनी भर खिडकीतून त्याला दटावलं, आणि आकडा दोन मागे घेऊन मोजणी पुन्हा सुरू झाली. शेवटच्या पायऱ्या घार त्या मोजणीच्या तालावरच उतरली.

“तीनशे अडतीस!” रस्त्यापलीकडून तो बारीक, चिरका, आनंदानं फुटलेला आवाज सगळ्यांच्या वर चढला. “तीनशे एकोणचाळीस! आणि…”

घारीनं जमिनीवर पाय ठेवला. वर पाहिलं. खिडकीत सासूबाईंनी एका हातानं दिवा सारखा केला, आणि दुसऱ्या हातानं पहिला घास तोंडात घातला.